तुकोबारायांच्या चरित्रातलं पाप आणि क्षमा

आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी आम्हाला तुकोबारायांचं चरित्र लिहायला सांगितलं. आम्ही चौथी शिकलेलो. शेती केली आणि पांडुरंगानं करून घेतलं तसं चाळीस वर्षं कीर्तन केलं. आम्हाला बोलायची सवय आहे, लिहायची नाही. म्हणून लिहिण्यात बोलल्यासारखं काही आलं तर पदरात घ्या.

महाराजांचं सगळं चरित्र चार पानांत मावत नाही. ताहराबादच्या महिपतीबाबांनी भक्तविजय आणि भक्तलीलामृतात ते सविस्तर गायलं आहे. आम्ही त्यातला एकच धागा धरतो, पापाचा आणि क्षमेचा. तो का धरला ते आधी सांगतो.

दोन वर्षांमागं चाकणजवळच्या एका गावात सप्ता होता. आमचं कीर्तन झालं, मंडळी पाया पडून निघाली. शेवटी एक पोरगा राहिला. कंपनीत कामाला होता, अंगात कंपनीचाच शर्ट, गाव लांब मराठवाड्यात, इथं खोली घेऊन राहणारा. रात्रपाळीला निघाला होता. त्यानं खाली मान घालून विचारलं की महाराज, माफीच नाही असं एखादं पाप असतं का. आम्ही दमलो होतो, जेवणाला बोलावणं आलं होतं. नामानं सगळी पापं जळतात, असं नेहमीचं उत्तर देऊन मोकळे झालो. तो बरं म्हणाला आणि गेला. पण उत्तर त्याच्यापर्यंत पोचलं नाही हे आम्हाला दिसलं. आम्हालाही त्या रात्री झोप लागली नाही. त्याचं कारण पुढं येईल. तो पोरगा परत भेटला नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि थोडा आमच्यासाठीही.

आता चरित्राकडं वळू. देहू आपल्याला काही लांब नाही. चाकणहून महाळुंगे, येलवाडी करत गेलं की इंद्रायणी ओलांडून देहूच लागते. महाराजांच्या आठ पिढ्या आधी त्या घरात विश्वंभरबाबा होऊन गेले. ते पंढरीचे एकनिष्ठ वारकरी. त्यांच्या भक्तीसाठी पांडुरंग देहूला आला अशी आपली श्रद्धा आहे. पुढं त्याच घरात बोल्होबा आणि कनकाईच्या पोटी महाराजांचा जन्म झाला. जन्माचं साल १६०८ असं बहुतेक मानतात. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. घरात महाजनकी, शेती, दुकान आणि सावकारी. खाऊन पिऊन सुखी घर. सावजींचं मन प्रपंचात नव्हतं म्हणून कोवळ्या वयातच सगळा व्यवहार तुकोबांच्या अंगावर आला आणि त्यांनी तो चोख केला.

मग एकामागून एक घाव बसले. आईवडील गेले. थोरली वहिनी गेली, सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. त्यात १६३०च्या सुमाराचा मोठा दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून मेली, गुरं दावणीला मेली. महाराजांची पहिली बायको रखमाबाई, आधीच दम्यानं बेजार, ती त्या दुष्काळात गेली. पोरगा संतोबा गेला. व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. ज्या घरातून लोक कर्ज न्यायचे त्या घरात खायला दाणा उरला नाही. दुसरी बायको जिजाई, तिला आपण आवलीही म्हणतो, तिच्यावर सगळा संसार येऊन पडला.

अशा वेळी माणूस एक तर देवाला शिव्या देतो नाहीतर नशिबाला. महाराजांनी स्वतःकडं बघितलं. आपलं काय चुकलं हे ते शोधायला लागले. आपण कीर्तनात याला अनुताप म्हणतो. साध्या भाषेत सांगायचं तर आतून भाजणं. आपलीच कूस आपल्याला टोचते, या कुशीवरून त्या कुशीवर वळलं तरी टोचायची थांबत नाही.

महाराज भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. आज त्या डोंगरावर चढलं की खाली चाकणच्या कंपन्यांचे पत्रे उन्हात चमकताना दिसतात. तेव्हा तिथं रान आणि साप-विंचू. पंधरा दिवस महाराज तिथं अन्नपाण्यावाचून बसले आणि त्यांना पांडुरंगाचा साक्षात्कार झाला. धाकटे कान्होबा भावाला शोधत रानोमाळ फिरत होते, ते अखेर डोंगरावर पोचले. दोघं भाऊ इंद्रायणीच्या काठी आले. तिथं महाराजांनी घरातली कर्जखतं मागवली. ज्यांच्याकडं पैसे येणं होतं त्यांची ती खतं. त्यांचे दोन वाटे केले. अर्धी खतं कान्होबांच्या हातात दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत बुडवली.

इथं आमच्या शेतकरी मंडळींनी जरा थांबावं. महाराजांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. बुडवली ती स्वतःची. दुसऱ्याच्या खिशातून दान करून आपलं पाप फिटत नाही. आणि ज्यांची खतं बुडवली ते सगळे दुष्काळानं कंबर मोडलेले लोक. त्यांनी महाराजांच्या घरासमोरून मान खाली घालून जायची वेळ आता राहिली नाही. महाराज कुणाला क्षमा करतो असं बोलले नाहीत, त्यांनी कागदच ठेवला नाही.

पुढं महाराजांनी पडलेल्या विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार केला. माघ शुद्ध दशमीला स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला, तो आपण आज उठता-बसता म्हणतो तोच, रामकृष्णहरी. नामदेवरायांनी स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं. भंडारा डोंगरावर चिंतन, रात्री देवळात कीर्तन, असा क्रम सुरू झाला. चाकणचे संताजी जगनाडे, जातीनं तेली, घाण्याचं काम करणारे, ते टाळकरी झाले आणि अभंग लिहून घ्यायला लागले. त्यांची समाधी सुदुंबऱ्याला आहे. आपल्या भागातल्या माणसाच्या हातानं गाथा टिकली, हे आपल्या पोरांना सांगत जा.

चांगलं चाललं की पोटात दुखणारे निघतातच. देहूत मंबाजी गोसावी होते. त्यांनाही लोक मानायचे, पण महाराजांच्या कीर्तनाला गर्दी व्हायला लागली आणि यांच्या मनात मत्सर शिरला. एकदा महाराजांच्या घरची म्हैस त्यांच्या बागेत शिरली. मंबाजींनी त्या रागानं काटेरी फांद्यांनी महाराजांना मारलं. अंगात काटे मोडेपर्यंत मारलं. महाराज घरी आले, काटे काढून घेतले. रात्री एकादशीचं कीर्तन होतं. सगळी मंडळी आली, मंबाजी तेवढे नाही आले. महाराजांनी कीर्तन थांबवलं आणि स्वतः त्यांच्या घरी गेले. आपल्याला मारून मारून त्यांचे हात दुखले असतील म्हणून त्यांचं अंग चेपत बसले, आणि त्यांना सोबत घेऊन कीर्तनाला आले.

पण मंबाजी काय त्या रात्रीत पालटले नाहीत. शिऊरच्या बहिणाबाई पुढं देहूत राहायला आल्या, त्यांनाही मंबाजींनी छळलं, त्यांच्या गाईला बांधून मारलं. बहिणाबाईंनी स्वतःच्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवलंय. म्हणजे महाराजांनी क्षमा करून काही उपयोग झाला नाही का? आम्हाला असं वाटतं की क्षमा करणं महाराजांच्या हातात होतं, ती घेणं मंबाजींच्या हातात होतं. मेघ सगळीकडं पडतो, पण पालथ्या घागरीत पाणी भरत नाही.

लोहगावची गोष्टही तशीच. लोहगाव महाराजांचं आजोळ, आता तिथं विमानं उतरतात. तिथल्या शिवबा कासारांना कीर्तनाचं वेड लागलं, घरचं दुकान मागं पडलं. त्यांच्या बायकोनं तो राग महाराजांवर काढला. अंघोळीला बसवलं आणि अंगावर कढत पाणी ओतलं. महाराजांनी पांडुरंगाचा धावा केला, त्या बाईला शब्दानं बोलले नाहीत. पुढं तिच्याच अंगावर व्याधी उठली, आणि महाराजांच्या अंघोळीच्या जागेची माती लावून ती बरी झाली अशी कथा आहे. जिथं पाप केलं तिथल्याच मातीत औषध निघालं. हे ध्यानात ठेवा, पुढची कथा याच वाटेनं जाते.

वाघोलीचे रामेश्वरभट्ट मोठे विद्वान, वेदशास्त्र जाणणारे. शूद्रानं वेदाचा अर्थ मराठीत सांगावा, लोकांनी त्याच्या पाया पडावं, हे त्यांना शास्त्राविरुद्ध वाटलं. त्यांच्या आज्ञेनं महाराजांना आपल्या अभंगांच्या वह्या दगड बांधून इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. ज्या नदीत आपल्या हातानं कर्जखतं बुडवली, त्याच नदीत आता जन्माची कमाई बुडाली. तेव्हा हसून बुडवली होती, आता रडत बुडवली. महाराज शिळेवर पडून राहिले. तेरा दिवस अन्न नाही, पाणी नाही. तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर तरल्या. गाथा कोरडी निघाली.

इकडं रामेश्वरभट्ट पुण्याला निघाले होते. वाटेत अनगडशहा फकिराच्या जागेतल्या पाण्यात त्यांनी स्नान केलं आणि फकिराच्या शापानं त्यांच्या अंगाची आग सुरू झाली. ओली वस्त्रं लपेटली तरी आग थांबेना. ते आळंदीला आले आणि ज्ञानोबारायांच्या समाधीपुढं अनुष्ठानाला बसले.

आता नीट ऐका. आमच्या मते सगळ्या चरित्रात पापाविषयी यापेक्षा मोठी गोष्ट नाही. ज्ञानोबा माउलींना ती आग विझवणं अवघड होतं का? ज्यांनी भिंत चालवली त्यांना एका ब्राह्मणाच्या अंगाचा दाह काढता आला नसता का? पण माउलींनी तो काढला नाही. स्वप्नात दृष्टांत दिला की थोर वैष्णवाचा द्वेष केलास त्याचं हे फळ आहे, देहूला जा, त्याला शरण जा. देवानं आपल्या दारात आलेल्या पाप्याला हाकललं नाही. पण ज्याचा अपराध केला त्याच्या दाराची वाट दाखवली. देवाघरचं पाप देव माफ करतो. शेजाऱ्याचं पाप घेऊन गेलं तर देव म्हणतो आधी शेजाऱ्याकडं जाऊन ये.

रामेश्वरभट्टांनी शिष्याच्या हाती पत्र पाठवलं. महाराजांनी उत्तरादाखल एक अभंग लिहून दिला. त्यात एक शब्द टोचणारा नाही. तो वाचला आणि आग शांत झाली. मग भट्ट स्वतः देहूला आले, पाय धरले आणि कायमचे महाराजांचे झाले. चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते. आपण रोज शेवटी महाराजांची जी आरती म्हणतो ती त्याच रामेश्वरभट्टांची. ज्यानं गाथा बुडवली त्याच्याच शब्दांनी आज महाराजांना ओवाळतात. आणि पालखी देहूहून निघाली की पहिली आरती कुठं होते? अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. आपण दरवर्षी तिथं टाळ वाजवतो, पण या जागेचा अर्थ मनात आणतो का?

आता पाप लहान कोणतं, मोठं कोणतं हा प्रश्न. शास्त्रानं पाच महापातकं सांगितली: ब्रह्महत्या, मद्यपान, सोन्याची चोरी, गुरुपत्नीशी व्यभिचार आणि असं करणाऱ्याची संगत. प्रत्येकाला प्रायश्चित्त सांगितलं. पण गरिबाला कुठला यज्ञ आणि कुठली दक्षिणा परवडणार? संतांनी वाट सोपी केली. दुसऱ्या जिवाला पीडा दिली की पाप, हे महाराजांचं माप. या मापानं मोजलं तर दारू प्यायलेल्या माणसापेक्षा तीळभर न पिता बायकोला रोज रडवणारा मोठा पापी निघतो. आणि महाराजांनी पाप्यांची मोजणी करताना पहिलं नाव स्वतःचं घातलं. आपण मात्र गावातल्या सगळ्यांची पापं मोजतो, आपली तेवढी राहतात.

आणि कितीही मोठं पाप असलं तरी वाट बंद नाही, याचा पुरावा म्हणजे आपली पंढरी. पुंडलिकानं आधी आईबापाला छळलं होतं. मग त्याला पश्चात्ताप झाला. पण पश्चात्ताप झाल्यावर तो देवाच्या पाया पडायला धावला नाही. ज्यांना छळलं त्या आईबापाचे पाय चेपत बसला, आणि देव दारात आला तरी त्याला विटेवर थांबवलं. म्हणजे बघा, पाप केलेल्या माणसासाठी देव अठ्ठावीस युगं उभा आहे.

तीर्थात बुडी मारून सुटका होईल असं समजू नये. आता तर आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो. आपण पाप धुवायला जातो आणि नदीच म्हणते मला कोण धुणार. कारखान्यांचं पाणी आहे, शहराचं सांडपाणी आहे, आणि आपल्या घराच्या मोरीचं पाणीही त्यातच आहे. तिचाही आपण अपराध केला आहे. तिच्याकडंही जावं लागेल, नुसतं बुडी मारायला नाही.

शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे १६५० साली महाराज वैकुंठाला गेले. ती तिथी आपण तुकाराम बीज म्हणून पाळतो. जिजाई तेव्हा गरोदर होत्या. नंतर जन्मलेल्या नारायण महाराजांनी १६८५ साली पादुका पालखीत घालून वारीचा सोहळा सुरू केला. त्याच सोहळ्यामागं आपली दिंडी शंभर वर्षं चालली.

आता आमचं सांगतो. हे सांगितल्याशिवाय वरचं लिहिण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमची वडिलार्जित जमीन कंपन्यांसाठी गेली, मोबदला आला. उरलेल्या जमिनीची वाटणी झाली. धाकटा भाऊ शाळेत गेलाच नव्हता, अंगठा उठवायचा. कागद आम्ही वाचायचे आणि तो विश्वासानं अंगठा द्यायचा. त्या कागदांत विहिरीजवळचा अर्धा एकर त्याच्या वाट्याचा होता, तो आम्ही आमच्या नावावर करून घेतला. त्याला सांगितलं की हा कागद मोबदल्याचाच आहे. त्यानंतर सतरा वर्षं आम्ही मंबाजी आणि रामेश्वरभट्टांची कथा लावत गेलो. लोक डोळे पुसायचे. आम्ही नारळ आणि शेला घेऊन घरी यायचे.

त्या पोरानं प्रश्न विचारला त्याच वर्षीची वारी. वरवंडहून पुढं रोटी घाटाच्या चढाला आमचे पाय सुजले. संध्याकाळी मुक्कामावर तंबूत पडलो. धाकटा भाऊ दिंडीत पताका घेऊन चालतो. तो आला, कुठून तरी गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, आमचे पाय त्यात धरले आणि मग तेल लावून चेपत बसला. बाहेर हरिपाठ चालू होता. आम्हाला मंबाजी आठवले. आजवर कथेत आम्ही कुठल्या जागी बसलोय ते त्या तंबूत कळलं. तोंडावर उपरणं घेऊन पडून राहिलो.

पंढरीला पोचलो, कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत स्नान केलं. आग गेली नाही. आषाढी करून गावी आलो तेव्हा त्याच्या अंगणात जाऊन बसलो. त्याची बायको चहा ठेवायला उठली, तिलाही थांबवलं. दोघांसमोर सगळं सांगितलं, कागदाचं, अंगठ्याचं, विहिरीचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की त्याला हे पहिल्या वर्षीच कळलं होतं, गावात कुणीतरी सांगितलं होतं. आम्ही विचारलं की मग भांडला का नाहीस, दिंडीत आमच्या मागं कसा चाललास. तो म्हणाला की जमिनीचा हिशेब आपल्या दोघांतला आहे, दिंडी पांडुरंगाची आहे. आणि वहिनी चुलीकडं तोंड करून रडत होती. तिच्या रडण्याचा अर्थ आम्हाला अजून पुरता लागलेला नाही. सतरा उन्हाळे तिनं दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी वाहिलं होतं. ते काही आम्हाला परत देता येत नाही.

तालुक्याला जाऊन अर्धा एकर त्याच्या नावानं लिहून दिला. आमच्या पोरांना आवडलं नाही. जमिनीचा आजचा भाव त्यांनी आम्हाला ऐकवला. आम्ही म्हटलं, कान्होबांचा वाटा कान्होबांकडं गेला, आपला आपल्याकडं आहे.

तर त्या पोराला, तू हे वाचत असशील तर, आमचं दुरुस्त केलेलं उत्तर असं आहे. माफी नाही असं पाप आम्ही संतांच्या चरित्रात कुठं बघितलं नाही. नाम घेणं सोडू नको, नामानंच पाय उचलायचं बळ येतं. पण ज्याचा अपराध केला असशील तो जिवंत असेल तर त्याच्या दारात जा. तो माफ करील का हे आम्हाला सांगता येणार नाही, मारीलही कदाचित. तो गेला असेल तर त्याच्या पोराबाळांच्या उपयोगी पड. आणि तुझाच कुणी अपराध केला असेल आणि तो दारात आला, तर त्याला उभं ठेवू नको, बसायला पोतं टाक.

यंदा बीजेला आम्ही आणि धाकटा भाऊ बरोबर देहूला गेलो. दुपारी बाराला नांदुरकीखाली फुलं टाकली. येताना येलवाडीच्या वाटेवर त्यानं सहज विचारलं की विहिरीवर मोटार बसवायची आहे, कुठली घ्यावी. सतरा वर्षांत त्यानं आम्हाला शेतीचं काही विचारलं नव्हतं. आम्ही सांगितलं.

आमच्या हातून लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर संतांनी पोटात घालावं.

रामकृष्णहरी.